नऊशे चाळीस ग्रामचा रुसवा

गोपालराव गुरनुल्यांनी सायकलचा सांगाडा थेट चीनच्या कारखान्यातून का मागवला, याचं कारण त्यांनी चंद्रपुरात ज्याला-त्याला वेगवेगळं सांगितलं. डॉक्टरांना गुडघे सांगितले, शेजाऱ्यांना पर्यावरण सांगितलं, आणि बायकोला काहीच सांगितलं नाही, कारण खरं कारण तिला ठाऊक होतं. ते चामोर्शीत होतं. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका मांडवात.

त्या मांडवात सासरे वारलूजी निकोडे यांनी जावयाला आंदण म्हणून एक नवी कोरी काळी सायकल दिली होती. हॅण्डलला हार, मडगार्डवर हळदीकुंकवाची बोटं. गोपालरावांना तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागून तीनेक वर्षं झाली होती. कुण्या मित्राने त्यांच्या कानात सांगितलं की सरकारी जावयाला सायकल म्हणजे अपमान, निदान लूना तरी हवी. झालं. नवरदेव रुसले. मांडवाकडे पाठ केली आणि कनातीकडे तोंड करून बसले ते दीड तास. पंगती खोळंबल्या, भात निवला, बँडवाले दोनदा वाजवून दोनदा थांबले. वारलूजी चिडले नाहीत की पाया पडले नाहीत. दीड तासाने म्हणाले, "जवाईबापूले सायकल नाई पाह्यजे तं राहू द्या. मले लागतेच." आणि त्याच सायकलवर टांग टाकून दही आणायला निघून गेले.

लूना मिळालीच नाही. मिळाली ती गोष्ट. निकोड्यांच्या घरी बारसं असो, तेरवी असो, ती निघायचीच. नव्या जावयाला तर हळदीआधीच ऐकवायचे, म्हणजे त्याने काही मनात धरलं असेल तर ते तिथेच सोडावं. गोपालरावांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत हजारो फायली निकालात काढल्या, मुख्य लिपिक होऊन सन्मानाने निवृत्त झाले, नारळ-शाल झाली. चामोर्शीला त्यातलं काहीही माहीत नाही. चामोर्शीला ते 'सायकलवाले जवाई' म्हणून माहीत आहेत. म्हणजे ज्याने सायकल घेतली नाही तो.

आणि आता साळ्याची मुलगी दिव्यानी, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मार्चात ठरलं होतं. सगळा गोतावळा जमणार, नवा जावई येणार, गोष्ट निघणार. गोपालरावांनी ठरवलं की यंदा चामोर्शीला जायचं ते सायकलवर. चंद्रपूरहून मूल, मूलहून हरणघाटाच्या पुलावरून सरळ चामोर्शी. आणि सायकल अशी, की दोन्ही जिल्ह्यांत कुणी पाहिली नसेल. गोष्टीचं तोंड कायमचं बंद.

मोबाईलवर महिनाभर अभ्यास केल्यावर त्यांना एक रहस्य सापडलं. मोठमोठ्या नावांच्या कार्बनच्या सायकली म्हणे चीनमधल्या चार-दोन कारखान्यांतच घडतात. नाव मागाहून चिकटवतात आणि किंमत त्या नावाचीच असते. काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार छत्तीस वर्षं जवळून पाहिलेल्या माणसाला हे तत्काळ पटलं. त्यांनी 'सायकल – चीन' अशी फाईल उघडली आणि कारखान्याला बिननावाच्या सांगाड्याबद्दल पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर.

उत्तर लीना नावाच्या बाईचं आलं. तिने संदर्भ क्रमांक वगळला, एवढं सोडल्यास पत्र समाधानकारक होतं. सांगाड्याचा आकार ठरवण्यासाठी तिने गोपालरावांची मापं मागितली: उंची, हाताची लांबी, आणि पायाची आतल्या बाजूने, वरपासून खालपर्यंत.

"आतल्या बाजूनं?" कुंताबाई हातात टेप धरून उभ्या राहिल्या. "कोन्या बाईले पाह्यजे हे?"

"कारखान्याला पाहिजे."

"कारखान्याचं नाव लीना आहे का? लगन झालं तवा माह्या बाबानं तुमचं माप नव्हतं घेतलं. सरळ सायकल आणून उभी केली होती."

गोपालरावांनी भिंतीला पाठ लावली, पाय ताणले आणि माप दिलं.

शेजारच्या सुकलूजींना ही बातमी संध्याकाळपर्यंत लागली. सुकलूजी भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले; जगातल्या कुठल्याही धातूबद्दल त्यांना विचारावं लागत नाही, ते स्वतःहून सांगतात.

"कार्बन मंजे कोळसाच ना जी?" कुंपणावरून त्यांनी विचारलं.

"मुळात तेच. पण त्याचे धागे करतात—"

"इथून रोज ट्रकच्या ट्रक कोळसा जाऊन राह्यला, अन् तुमी चीनहून किलोभर मागवून राह्यले?"

"किलोभर नाही. नऊशे चाळीस ग्राम," गोपालराव म्हणाले. हा आकडा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. पुढे तो त्यांच्या तोंडात असा बसला की कुणी नातवंडाचं वजन विचारलं तरी तोच बाहेर पडायचा.

सांगाडा निघाला आणि भारतात येऊन अडकला. कुरिअर कंपनीच्या फॉर्मवर 'ब्रँडचे नाव' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. गोपालरावांनी कळवलं की नाव नाही. नाव नसणे हाच तर या वस्तूचा गुण. उत्तर आलं, रकाना रिकामा ठेवता येत नाही. ते उत्तर गोपालरावांनी फाईलला लावलं. रिकाम्या रकान्यासाठी त्यांनी स्वतः किती शेतकऱ्यांना चामोर्शी-चंद्रपूर हेलपाटे घालायला लावले होते, याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. असता तर त्यांनी तोही रकान्यात भरला असता. राग मात्र त्यांना आला नाही. उलट, देशात अजून काहीतरी शिस्त शिल्लक आहे असं वाटून ते तहसीलसमोरच्या अर्जनविसाकडे गेले आणि मुद्रांकावर लिहून दिलं: 'मी शपथेवर कथन करतो की सदर सायकलीस नाव नाही, पूर्वी नव्हते, व माझ्या माहितीप्रमाणे कोणी ठेवलेले नाही.' अर्जनविसाने सवयीने 'सदर सायकल अविवाहित आहे' असंही घातलं होतं. ते खोडून खाली सही करावी लागली.

तीन आठवड्यांनी खोका आला. एवढा मोठा खोका आणि आत काही नसल्यासारखा हलका.

"खाली आहे," सुकलूजींनी उघडण्याआधीच निकाल दिला. "फसले तुमी."

आत सांगाडा होता. काळाकुट्ट, गुळगुळीत, अंगावर एक अक्षर नाही. कुंताबाईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो आडवा ठेवला, दोन्हीकडून लोंबला, आणि काट्याने नऊशे चाळीस दाखवले. त्या दिवशी अख्ख्या गल्लीने तो एका बोटावर उचलून पाहिला. समोरच्या गिरजाबाईंनी करंगळीवर उचलला आणि म्हणाल्या, "बापा! याच्यापेक्षा माह्या घरचा झारा जड आहे." गोपालरावांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. यानंतर त्या सांगाड्याला जे काही झालं, ते लोकांच्या चांगुलपणामुळे झालं.

चाकं, गिअर, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हॅण्डल, हे सगळं नागपूरहून आणलं आणि जोडायला झिंगूभाऊकडे दिलं. झिंगूभाऊंचं सायकलचं दुकान तीस वर्षांचं. गोपालरावांनी कारखान्याचं पत्रक वाचून दाखवलं, "हा नट पाच न्यूटन मीटरने आवळावा."

"पाच न्यूटन मंजे किती?"

"म्हणजे... हळू."

"मंग हळू म्हना ना. त्या न्यूटनले कायले तरास?"

झिंगूभाऊंनी काम मन लावून केलं. सायकल उभी राहिली. म्हणजे राहिली नाही, तिथूनच सगळं सुरू झालं. ती भिंतीला टेकवावी लागत होती.

"स्टँड कुठी आहे हिचा?"

"अशा सायकलीला स्टँड नसतो. वजन वाढतं."

झिंगूभाऊंनी त्यांच्याकडे, पाय नसलेलं वासरू विकत आणलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "तुमी सासऱ्याच्या दारात उतरान. हातात फेटा, हातात नारळ. सायकल का साळ्याच्या बगलेत देता? इथी भिताड आहे, मांडवात भिताड कुठून आणता?"

मांडवातल्या भिंतींचा विचार गोपालरावांनी केला नव्हता. स्टँड लागला. सांगाडा दबू नये म्हणून झिंगूभाऊंनी मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

मग कुंताबाई. त्या आदल्या दिवशी एसटीने जाणार होत्या, पण त्यांच्या मते साक्षगंधाला रिकाम्या हातांनी येणारा आत्याचा नवरा त्यांनी पाहिला नव्हता. "दिव्यानीचं पातळ, ओटीचं सामान, तुमचा धुतलेला सदरा. हे का मी एकटीच वाहून नेऊ? कॅरिअर लावा." कॅरिअर लावायला सांगाड्याला भोकंच नव्हती. झिंगूभाऊंनी 'भोकाची काय गोष्ट आहे' असं म्हणून हातात ड्रिल घेतली तेव्हा गोपालरावांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाजूच्या चहावाल्यालाही ऐकू गेला. शेवटी पट्ट्यांनी बांधून लोखंडी कॅरिअर बसलं.

रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. पांढऱ्या सदऱ्यावर काळी भुकटी उडेल म्हणून मडगार्ड आले. पायजम्याची मोहरी साखळीत जाईल म्हणून चेनकव्हर आलं. वाटेतल्या जंगलात अस्वल खाली मान घालून चालते, तिला वरचं काही दिसत नाही, तिला ऐकू जायला हवं, म्हणून सुकलूजींनी स्वतःच्या जुन्या सायकलवरची वाटीएवढी घंटी काढून दिली. आणि सगळ्यांत शेवटी कुलूप. ते साधं चालेना.

"सायकल बोटावर उचलते," सुकलूजी म्हणाले. "चोर का, पोट्टंबी खाकेत घालून नेईल. जितकी हलकी सायकल, तितकी जड साखळी पाह्यजे." हा युक्तिवाद गोपालरावांनी तीन दिवस तपासून पाहिला, त्यात कुठेही चूक सापडली नाही, आणि सायकलला ट्रकच्या डाल्याच्या मागच्या फळीला असते तशी साखळी आली.

एवढं होऊनही गोपालरावांचा धीर सुटला नव्हता. कारण हॅण्डल अजून तेच होतं. खाली वळलेलं, वाकून धरायचं. त्या हॅण्डलवर ओणवे झाले की आपण निवृत्त आहोत असं त्यांना वाटत नसे.

साक्षगंधाच्या आठ दिवस आधी ते मूल रस्त्याने सरावाला निघाले. शहर संपून जंगल लागलं तशी त्यांनी मान खाली घातली आणि वेग घेतला. दोन किलोमीटरवर वनविभागाच्या नाक्याचा बांबू आडवा होता आणि बांबूमागे वनरक्षक दामिनी.

"काका, उतरा. वाकून नाई चालवाचं."

"का?"

"मोहाचे दिस आहेत. मोहफुलं वेचणाऱ्या बायाले आमी रोज सांगून राह्यलो, वाकू नोका. वाकलेला माणूस वाघाले चार पायाचा दिसते. अन् तुमी तर घरूनच वाकून निंगाले!"

"ही शास्त्रीय बैठक आहे," गोपालराव म्हणाले. "यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो."

"वाघाचाबी कमीच होते, काका."

मुख्य लिपिक जागा झाला. त्यांनी लेखी आदेश मागितला. दामिनीने बोटाने फलक दाखवला. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत: 'जंगलात वाकू नये. एकटे जाऊ नये. सूर्योदयापूर्वी जाऊ नये.' खाली जावक क्रमांक होता, दिनांक होता. गोपालरावांनी फलक दोनदा वाचला. जावक क्रमांक असलेल्या गोष्टीपुढे त्यांचं आयुष्यात कधी चाललं नव्हतं. ते ताठ बसून, शिंगांना बोटांच्या टोकांनी शिवत, परत आले.

दुसऱ्या दिवशी झिंगूभाऊंनी शिंगं काढली आणि सरळ, उंच, दोन्ही हातांत आपोआप येणारं हॅण्डल बसवलं. "आता कसं," ते मागे सरून म्हणाले. "आता सायकल वाटते."

साक्षगंधाच्या दिवशी सूर्य उगवल्यावर, दामिनीच्या सूचनेप्रमाणे, गोपालराव मूलकडे निघालेल्या चार दूधवाल्यांच्या संगतीत नाक्यावर हजर झाले. दामिनीने सायकल पाहून मान हलवली. मग पोत्यातून एक प्लास्टिकचा मुखवटा काढला, गुबगुबीत गालांचा, मिशावाला, बत्तीस दात दाखवणारा, आणि त्याचं इलॅस्टिक गोपालरावांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला ताणून बसवलं.

"वाघ मागून येते. मागंबी तोंड दिसलं तं इचारात पडते."

गोपालरावांना ते पटलं. वाघ जर विचारात पडत असेल तर पडू द्यावा. पुढे ते मुखवटा विसरून गेले; डोक्याच्या मागे काय आहे याची कुणालाच आठवण राहत नाही.

ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचं वर्णन करत नाही. दूधवाले मूलला वळले. ऊन चढलं. हरणघाटाच्या पुलावर गोपालराव सायकल हातात धरून चालले, ते वैनगंगा पाहण्यासाठी, असं त्यांनी नंतर सांगितलं. चामोर्शी जवळ आली तशी मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ज्यांना ते मागे टाकत होते ती माणसं हसत होती, हात करत होती. बैलगाडीवरची पोरं ओरडली. बाजारातल्या भाजीवाल्या बाया टोपल्या सोडून उभ्या राहिल्या. सायकलची कीर्ती, गोपालराव मनात म्हणाले, आणि ताठ होते त्याहून ताठ झाले.

निकोड्यांच्या अंगणात मांडव होता. कुंताबाई आदल्या दिवसापासून तिथेच. नवा जावई निकेश गादीवर अवघडून बसलेला, आणि त्र्याऐंशी वर्षांचे वारलूजी खाटेवर. गोपालराव समोरून आत आले, घंटी वाजवली, उतरले आणि, झिंगूभाऊंना मनोमन दुवा देत, सायकल स्टँडवर उभी केली.

वारलूजी काठी टेकत उठले. सायकलभोवती एक फेरी मारली.

"काळी घेतली," ते म्हणाले.

"हो मामाजी."

"नाव नाई हिले कोनतं?"

"नाही! तेच तर तिचं—"

"आपल्या सायकलचंबी पुसून गेलं." वारलूजींनी काठीने धानाच्या कोठीकडे दाखवलं. कोठीला टेकून तीच सायकल उभी होती. चौतीस वर्षांत तिचा स्टँड गळून पडला होता, कॅरिअर कुण्या पुरात गेलं होतं, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, कुलूप, काही म्हणता काही उरलं नव्हतं. उरला होता काळा सांगाडा, दोन चाकं, आणि सरळ, उंच हॅण्डल. साळ्याने ती आणून नव्या सायकलशेजारी धरली. अख्ख्या मांडवाने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"जवाईबापू," वारलूजी अगदी शांतपणे म्हणाले, "हेच तं देत होतो जी मी."

हशा पिकला. निकेश हसला नाही. त्याला कालच गोष्ट ऐकवली होती आणि हसावं की नाही हे सांगायचं राहून गेलं होतं.

गोपालरावांकडे एक पान शिल्लक होतं. "दिसण्यावर जाऊ नका," ते कोठीला पाठ लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फरक वजनात आहे. सांगाडा नऊशे चाळीस ग्राम! मोजून घ्या!"

"मोजू ना," वारलूजी म्हणाले. "धानाचा काटा घरातच आहे."

सामान उतरवून नवी सायकल काट्यावर चढली. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, सुकलूजींची घंटी आणि ट्रकची साखळी यांच्यासह सोळा किलो सहाशे. मग जुनी चढली. साळ्याने काटा नीट पाहिला, बोट लावून पुन्हा पाहिला, आणि भाओजींकडे न बघता हळूच आकडा सांगितला.

"पंधरा दोनशे."

कुठून तरी, बहुधा स्वयंपाकाच्या बाजूने, "तवाच घेतली असती तं..." एवढं ऐकू आलं आणि पुढचं पदरात गेलं.

गोपालरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षं, मुद्रांक, न्यूटन, वाघ, हरणघाट, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मग त्यांच्या शरीराने, त्यांना न विचारता, त्यांच्या अंगवळणी पडलेलं एकच काम केलं. ते गर्रकन वळले आणि मांडवाकडे पाठ करून, कोठीकडे तोंड करून, उभे राहिले.

बत्तीस दात काढून मिशावाला मांडवाकडे बघून हसला.

आधी निकेश हसला, मोठ्याने, गादीवरून घसरत. मग दिव्यानी. मग साळा काट्याला धरून खाली बसला. वारलूजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांची काठी पडली. गोपालरावांना काही उमजेना. आपण रुसलेलो असताना लोक एवढ्या आनंदात का, हे पाहायला त्यांनी हात मागे नेला, बोटांना गुबगुबीत गाल लागले, मिशी लागली. चामोर्शीच्या बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्या एकदम आठवल्या. कोठीकडे तोंड असल्यामुळे ते स्वतः हसले की नाही हे कुणाला दिसलं नाही. खांदे हलताना दिसले.

"दही आणाचं राहून गेलं," वारलूजी डोळे पुसत म्हणाले. "जाता का, जवाईबापू? कोनतीबी घ्या. सारखीच आहे."

गोपालराव वळले नाहीत. तसेच आडवे सरकत काट्यापर्यंत गेले, हलकी होती ती सायकल उतरवली, तिच्यावर टांग टाकली आणि ताठ बसून दह्याला निघाले. मिशावाला लांबपर्यंत मांडवाकडे बघून हसत राहिला.

कुंताबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"चौतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "माह्या मायेरी याइचं तोंड हसतानी आज पयल्यांदा पाह्यलं."